सायकल, चढ आणि पिकदाणी

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण, हे आधी ठरवू. ज्यानं शेवटची सायकल अकरावीत चालवली, ज्याला रेड आणि व्हाइट सोडून वाईनचा तिसरा प्रकार विचारला तर तो 'गार' म्हणेल, आणि ज्यानं रात्री साडेअकराला मोबाईलवर द्राक्षबागांतून सायकल हाकणाऱ्या एका हसऱ्या जोडप्याचा फोटो पाहून शेजारी झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं, तो नवशिका. फोटोतल्या जोडप्याला घाम आलेला नसतो, कारण ते फोटोपुरतंच सायकलीवर बसलेलं असतं. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं बरं. तिकिटं काढून झाल्यावर कळलं तर घरात भांडणं होतात.

जागा कशी निवडावी

फ्रान्समध्ये वाईनच्या नावानं सायकल फिरवायला जागांची कमतरता नाही. लुआर नदीच्या काठानं जाणारा मार्ग सुमारे 900 किलोमीटरचा आहे, बराचसा सपाट आहे आणि वाटेत राजवाडे आहेत. राजवाडा दिसला की उतरावं लागतं, तिकीट काढावं लागतं आणि जिने चढावे लागतात. सपाट रस्त्यानं वाचवलेले पाय असे जिन्यांत खर्ची पडतात. आल्सासचा वाईनमार्ग 1953 पासूनचा, 170 किलोमीटरचा. तिथली गावं इतकी देखणी, की दर दहा मिनिटांनी कुणीतरी फोटोसाठी थांबतं आणि चौघांच्या गटातले तिघं कायम चौथ्याची वाट बघत असतात. बोर्दोकडच्या मेदोकमध्ये रस्ते सपाट, पण हवेल्यांची फाटकं मोठी आणि बहुधा बंद. शिवाय तिथं दर सप्टेंबरात एक मॅरेथॉन असते. तिच्यात पाण्याच्या टेबलांशेजारी वाईनची टेबलं मांडलेली असतात आणि माणसं चित्रविचित्र सोंगं घेऊन 42 किलोमीटर पळतात. ते पाहून नवशिक्याचा स्वतःच्या तब्येतीविषयी गैरसमज होतो.

म्हणून बर्गंडी. त्यातही बोन या गावापासून दक्षिणेला साँतनेपर्यंतचा वीस-बावीस किलोमीटरचा तुकडा. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशी गावं एकामागून एक लागतात. एका गावात दमलात तर पुढच्या चर्चचा मनोरा दिसत असतो, त्यामुळे हिंमत हरत नाही. बागांमधल्या शेतरस्त्यांवरूनच सायकलमार्ग आखला आहे. शेतरस्ता म्हणजे खरोखरच शेतरस्ता. खालून वेलींची अख्खी रांग जाईल एवढ्या उंच पायांचा ट्रॅक्टर समोरून येतो तेव्हा वाट त्याची असते. तुम्ही कडेच्या दगडी भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि हसून मान हलवायची. तोही मान हलवतो. तो हसतोच असं नाही.

हेही जड वाटणाऱ्यांसाठी आणखी दक्षिणेला जिव्री ते क्लुनी हा मार्ग आहे. जुन्या रेल्वेलाईनीवर 1997 मध्ये केलेला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. आगगाडीला जो चढ झेपला तो आपल्याला झेपतो, या तत्त्वावर त्याची शिफारस करता येते.

केव्हा जावं

मे-जून, नाहीतर सप्टेंबर. सप्टेंबरात, आणि हल्लीच्या तापलेल्या वर्षांत ऑगस्टअखेरीसच, तोडणी सुरू होते. तेव्हा बागेत माणसं दिसतात, गावाला आंबूस वास येतो आणि राहायला खोली मिळत नाही. नोव्हेंबरचा तिसरा रविवार मात्र टाळावा. त्या दिवशी बोनमध्ये धर्मादाय रुग्णालयाच्या वाईनचा लिलाव असतो. 1443 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलाँ यानं हे रुग्णालय काढलं. दात्यांनी त्याला शतकानुशतकं द्राक्षबागा दान दिल्या आणि 1859 पासून त्या बागांच्या वाईनचा लिलाव होत आला आहे. रंगीत कौलांच्या त्या जुन्या इमारतीत 1971 पर्यंत रुग्ण होते, आता पर्यटक असतात. देवस्थानाला इनाम जमिनी असतात, तशा इथं दवाखान्याला आहेत. जगभरचे व्यापारी त्या आठवड्यात गावात उतरलेले असतात आणि सायकलवाल्याला कुणी विचारत नाही.

सायकल

इथून सायकल नेऊ नये. विमानात ती खोक्यात घालावी लागते, वेगवान टीजीव्ही गाडीत सुटी करून 130 बाय 90 सेंटीमीटरच्या पिशवीत कोंबावी लागते, नाहीतर ज्या गाड्यांत सायकलीची सोय असते तिथं आधी जागा राखावी लागते. प्रादेशिक टीईआर गाड्यांत आहे तशी चढवता येते, पण नवशिक्यानं पॅरिसमध्ये पिशवीशी झटापट करण्याऐवजी गाडीनं दिजाँला यावं, तिथून बोनला यावं आणि सायकल बोनमध्ये भाड्यानं घ्यावी.

दुकानदार विचारेल, साधी की बॅटरीची? इथं स्वाभिमान आडवा येतो. बॅटरीची सायकल म्हणजे फसवणूक, असं आपल्यातल्या अनेकांना मनापासून वाटतं. अशांनी या छंदाच्या मूळपुरुषाचं चरित्र वाचावं. सँ-एतिएन गावचे पॉल द व्हीव्ही (1853–1930), टोपणनाव व्हेलोसिओ, रेशमाचे व्यापारी. सायकलीला गिअर हवेत यासाठी हा माणूस आयुष्यभर झगडला. त्या काळी गिअर ही बायकांची आणि म्हाताऱ्यांची चैन समजली जाई. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांचंही मत फार वेगळं नव्हतं, आणि त्या शर्यतीत साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरना परवानगी मिळायला 1937 साल उजाडलं. तोवर खेळाडू डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत. तेव्हा गिअर हवेत, बॅटरीही हवी, असं दुकानदाराला सरळ सांगावं. बॅटरी ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत करते आणि पॅडल मारल्याशिवाय मुळीच करत नाही, त्यामुळे घाम अगदीच चुकतो असंही नाही.

या व्हेलोसिओंनी सायकलप्रवाशांसाठी काही आज्ञा घालून दिल्या आहेत. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, केवळ मिरवायला पॅडल मारू नका, वगैरे. सगळ्या पटण्याजोग्या. फक्त एक अडचणीची आहे: वाटेत असेपर्यंत तरी वाईन, मांस आणि तंबाखू वर्ज्य. गृहस्थ स्वतः शाकाहारी होते. म्हणजे फ्रान्समधल्या सायकल-पर्यटनाचा आद्य गुरू हा आपल्याकडच्या कुठल्याही हरिपाठ करणाऱ्या आजोबांच्या पंक्तीला सहज बसला असता. ही माहिती वाईन न पिणाऱ्या सहप्रवाशानं पाठ करून ठेवावी. रोज संध्याकाळी तिचा उपयोग होतो.

सायकल ताब्यात घेताना एक गोष्ट जवळून पाहून घ्या: ट्यूबचा व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या जाड, रबरी वॉल-ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा तो नसतो. बहुधा बारीक, पितळी, पेन्सिलीहून थोडा कमी जाडीचा असतो. त्याच्या टोकाला एक चिमुकली चकती असते. ती बोटानं फिरवून सैल करायची, टोक क्षणभर दाबायचं, 'फुस्स' झालं की मगच पंप लावायचा. चकती सैल न करता पंप मारत राहिलात तर हवा आत जात नाही, पंप घट्ट होतो आणि नवरा-बायकोत 'तुला जमत नाही, मला दे' हा संवाद सुरू होतो. पंक्चर काढायची टपरी बागेत नसते. एक जादा ट्यूब आणि दोन प्लॅस्टिकचे लिव्हर सोबत हवेतच.

उजवीकडून

तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी पहिला तासभर ते लक्षातही राहतं. धोका जेवणानंतर. रिकाम्या रस्त्यावर वळण घेतलं की हात आपोआप डावीकडे जातात. गोल चौकात शिरताना डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची आणि घड्याळाच्या उलट फिरायचं. गावातल्या गल्ल्यांत मात्र जुना नियम अजून जिवंत आहे: दुसरी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. बोळकांडीतून निघालेली खटारा गाडी तुमच्याकडे न बघता रस्त्यावर येते, आणि ती बरोबर असते.

महाराष्ट्रातून गेलेल्या सायकलवाल्याला सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट वेगळीच आहे. मागून गाडी येते आणि हॉर्न वाजत नाही. वस्तीबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे जागा नसेल तर गाडीवाला गुमान मागे राहतो. आपल्याला इंजिनाची घरघर ऐकू येते, शिवी ऐकू येत नाही, आणि नेमकं काय चुकलंय हे कळेना म्हणून आपण गटारात उतरतो. उतरू नये. सरळ चालवत राहावं. तो जाईल त्याच्या सवडीनं.

वेगाचंही सांगून टाकतो. 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये याच पट्ट्यात, बोनच्या उत्तरेला, न्युई-सँ-जॉर्ज ते जेव्रे-शाँबेरताँ अशी 25.3 किलोमीटरची वेळेविरुद्धची शर्यत झाली. बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलनं ती 28 मिनिटं 52 सेकंदांत संपवली. नवशिक्यानं तेवढ्याच अंतराला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी वेळ धरावी, आणि वाटेत एव्हनपूलला एकही तळघर बघायला मिळालं नाही याबद्दल हळहळ व्यक्त करावी.

चढ

आता मुख्य विषय. बर्गंडीच्या वाईनवर जाडजूड ग्रंथ आहेत, पण तिचं सगळं अर्थशास्त्र सायकलीवरून एका सकाळी मांड्यांना समजतं.

हा सगळा पट्टा म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेला एक लांबच लांब उतार. तोंड पूर्वेकडे. खाली सपाटीला मुख्य रस्ता, वर टेकडीच्या माथ्यावर झाडी. मुख्य रस्त्याजवळ सायकल भराभर पळते. कारण जमीन सपाट, माती खोल आणि भारी, पाणी धरून ठेवणारी. थंडीच्या रात्री गार हवाही खाली येऊन इथंच साचते. इथल्या द्राक्षांची वाईन साध्या प्रादेशिक नावानं विकली जाते. थोडं वर सरका, एक गिअर उतरवा: आता बाटलीवर गावाचं नाव येतं. आणखी वर, श्वास लागायला लागला, बोलणं बंद झालं: 'प्रमिए क्रू'. आणि जिथं तुम्ही शेवटच्या गिअरवर आलेले असता, तोंडानं श्वास घेत असता आणि आता उतरून ढकलावी का असा विचार डोक्यात आलेला असतो, ती उताराची मधली पट्टी. चुनखडी, मार्ल आणि थोडी चिकणमाती, पाणी न साचणारी जमीन, सकाळपासून ऊन. निवडक गावांच्या निवडक तुकड्यांत इथं 'ग्रां क्रू' पिकते, सगळ्यांत महाग. त्याच्याही वर गेलात तर माती विरळ, वारा गार, आणि किंमत पुन्हा उतरते. म्हणजे नियम साधा आहे: दम लागेपर्यंत भाव चढतो, दम सुटला की पडतो. माथ्यापर्यंत पोचण्याचा हट्ट धरणाऱ्याला बर्गंडी काही देत नाही.

प्युलिन्यी आणि शासान्य यांच्यामध्ये मोंराशे हा तुकडा आहे. सुमारे 8 हेक्टर, म्हणजे जेमतेम 20 एकर. जगातल्या सर्वांत महाग पांढऱ्या वाईनींपैकी एक इथं होते. बागेच्या खालच्या अंगाला अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे दुसऱ्या नावाची बाग. सायकल रस्त्याच्या मधोमध उभी करून दोन्हीकडे पाहिलं तर सांगलीच्या बागायतदारालाही फरक सांगता येणार नाही. पण रस्ता ओलांडला की भाव बदलतो. अशा नावानिशी, हद्दीनिशी ओळखल्या जाणाऱ्या 1,247 तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आपल्याकडे बांध कोरला की कोर्टात जातात. तिकडे बांधच वारसा झाला. गावंही त्या नावांसाठी हपापलेली. 1847 मध्ये जेव्रे गावानं आपल्या नामांकित शाँबेरताँ बागेचं नाव आपल्यापुढे लावून घेतलं. 1879 मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोघांनीही मोंराशे लावलं. बाग एक, आणि तिच्यामुळे सासरमाहेर दोन्ही गावं एकच आडनाव मिरवतात.

उत्तरेला क्लो द व्हूजो आहे. सितोच्या मठातल्या भिक्षूंनी मध्ययुगात भिंत घालून राखलेली ही सुमारे 50 हेक्टरची बाग. क्रांतीत ती मठाकडून काढून घेऊन विकली गेली, पुढे मालक वाढत गेले, आणि आज एका भिंतीच्या आत 80 च्या आसपास खातेदार आहेत. त्यात फ्रेंच कायद्यानं मुलांना वारसा वाटून द्यावा लागतो. आपल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, कुणाच्या वाट्याला वरची बाजू येते, कुणाच्या वाट्याला खालची पाणथळ. नाव सगळ्यांचं एकच. म्हणून बर्गंडीत बाटली घेताना बागेच्या नावाआधी 'कुणाच्या हिश्श्याची?' हा प्रश्न विचारायचा. हा प्रश्न विचारण्याची आपली तयारी फ्रेंचांपेक्षा कमी नाही.

रस्त्यालगतची द्राक्षं

तोडू नयेत. हे वेगळं सांगावं लागतं, कारण वेल बुटके असतात आणि घड अगदी हाताशी. नाशिक-सांगलीकडे वेल मांडवावर चढलेले, घड डोक्यावर लोंबणारे. तिकडे मीटर-मीटरवर एक वेल, हेक्टरी दहा हजारांच्या घरात, तारेला बांधलेले. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. ते हिवाळ्यात एकदाच. आपल्याकडे ठिबकशिवाय बाग उभी राहत नाही, तिकडे वेलीला पाणी द्यायचं नाही असा नियम. एकच गोष्ट समान: जमिनीखाली दोन्हीकडे खुंट अमेरिकन वंशाचा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या मुळ्या खाल्ल्यापासून तिकडे अमेरिकन खुंटावर कलम करावं लागतं, आणि आपल्याकडे बागायतदार 'डॉगरिज'वर करतात.

तर, न तोडण्याचं कारण. 1880 च्या सुमारास मेदोकमधल्या सँ-ज्युलिआँ गावात बागायतदार एका गोष्टीनं त्रासले होते: जाणारे-येणारे रस्त्याकडेच्या ओळीतले घड तोडून खात. मग त्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळंपांढरं पाणी शिंपडायला सुरुवात केली. पानं विषारी दिसावीत, चव कडू लागावी, एवढाच हेतू. त्याच सुमारास केवडा रोगानं सगळ्या बागा झोडपल्या आणि प्येर मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की रस्त्याकडेच्या ओळींचीच पानं शाबूत आहेत. 1885 मध्ये त्यानं ते मिश्रण जाहीर केलं. निफाड-तासगावचा प्रत्येक बागायतदार ज्याला नुसतं 'बोर्डो' म्हणतो ते हेच. म्हणजे आपल्या बागा केवड्यापासून वाचवणारं औषध फुकट द्राक्षं खाणाऱ्या फ्रेंच वाटसरूंमुळे सापडलं. त्यांच्या या कामगिरीत आता भर घालण्याची गरज नाही. शिवाय ओळीवर आज सकाळी काय फवारलंय, हे सायकलवाल्याला कळायला मार्ग नसतो.

व्होन-रोमाने गावाजवळ रोमाने-काँती ही पावणेदोन हेक्टरच्या आसपासची बाग आहे. भिंतीशी दगडी क्रूस, आणि बागेत पाऊल टाकू नये अशी पाहुण्यांना विनंती करणारी पाटी. तिथं सायकल भिंतीला टेकवून फोटो काढण्याची पद्धत आहे. फोटो काढावा. भिंतीवर चढू नये.

दुपारचे बारा

नवशिक्याची सगळ्यात मोठी परीक्षा चढावर होत नाही, बारा वाजता होते. बाराला गाव बंद होतं. वाणी, पोस्ट, वाईनवाला, सगळं दोनपर्यंत बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर गावात माणसं राहतात यावरच विश्वास बसत नाही. तेव्हा अकरालाच पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवायची. पाववाल्याचाही आठवड्यातून एक सुट्टीचा वार असतो, तो दारावर लिहिलेला असतो, आणि तो नेमका आज असतो.

दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं. मग थांबायचं. समोरून 'बोंजूर' आलं की मगच बोलायचं. आपल्याकडे दुकानात शिरताना उंबऱ्यातूनच 'अर्धा किलो रवा' म्हणायची सवय. तिकडे ते उद्धटपणाचं. बोंजूर न म्हणता मागितलेला पाव मिळतो, पण कालचा असावा अशी शंका येत राहते.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण सावध असावं. सॅलड मागवलं तर त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात आणि वाढप्याला ते मांस वाटतच नाहीत. अंडं चालणाऱ्यांनी ऑम्लेट धरावं; मात्र 'अफ आँ मरेत' म्हणजे रेड वाईनमधली अंडी, त्यातही तेच तुकडे पोहत असतात. चीज घालून भाजलेले, आतून पोकळ, हलके 'गूझेर' मिळतात, ते गरम असताना चार-पाच सहज जातात. एपवास नावाचं चीज चवीला उत्तम, पण पिशवीत घालून उन्हात सायकल चालवू नये. मागचे सहप्रवासी अंतर ठेवू लागतात. मोहरीची चटणी आवर्जून घ्यावी, दिजाँ तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिची मोहरी बरीचशी कॅनडातून येते, हे तिथल्या माणसाला सांगू नये. त्याला माहीत असतं.

पाण्याची बाटली रिकामी झाली आणि दुकानं बंद असली तर दफनभूमी शोधायची. गावोगावच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो. 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही. नसेल तर अनुभवी सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. आत टोपी काढून जावं, हळू बोलावं, आणि थडग्यांवरची सालं वाचत बसू नये. उशीर होतो.

तळघरात

अखेर वाईन. कायदा आधी: फ्रान्समध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे आणि ती सायकलवाल्यालाही लागू आहे. सापडलात तर 135 युरो दंड. म्हणून चाखायचं आणि थुंकायचं. प्रत्येक तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. पिकदाणीच म्हणा. थुंकणं तिथं असभ्य नाही, उलट जाणकारीचं लक्षण. थुंकण्याच्या कलेत आपला हात धरणारा देश नाही. उणीव आहे ती फक्त नेमकं भांड्यात थुंकण्याच्या सरावाची. घरी बेसिनपाशी पाण्यानं आठवडाभर सराव करावा. पांढरा शर्ट घालू नये.

छोट्या बागायतदाराकडे जायचं तर आधी फोन करून वेळ घ्यावी. तो जिन्यानं खाली नेतो. आत बाराएक अंशांचा गारवा, भिंतींवर काळी बुरशी, आणि 228 लिटरची ओक लाकडाची पिंपं ओळीनं मांडलेली. घामेजलेल्या पाठीवर तो गारवा चांगलाच जाणवतो. जाकीट वर सायकलीवर ठेवून येऊ नये. बागायतदार पिंपाचं बूच काढतो, काचेची लांब नळी आत सोडतो, वरच्या भोकावर अंगठा दाबतो, आणि नळी तुमच्या ग्लासावर आणून अंगठा उचलतो. ग्लासात चमचा-दोन चमचे पडतं. उरलेलं तो परत पिंपात सोडतो. बरेचदा आधी रेड देतात आणि व्हाइट नंतर. त्यावर आश्चर्य दाखवू नये.

मग तो तुमच्याकडे बघतो. काय बोलावं? गप्प बसणं सर्वांत सुरक्षित. अर्धा मिनिट छताकडे पाहावं आणि मान हळू हलवावी. अगदीच बोलायचं असेल तर आपल्या तोंडाला आठवेल ते सांगावं. पिनो न्वार या द्राक्षाच्या रेड वाईनला लोक चेरी आणि ओला पालापाचोळा म्हणतात. तुम्हाला करवंदं आणि पहिल्या पावसानंतरचं अंगण आठवलं तर तसं म्हणावं. त्यानं करवंद खाल्लेलं नसतं, त्यामुळे खोडून काढता येत नाही.

न पिणाऱ्यांनी संध्याकाळी टेबलावर अवघडून बसू नये. पिणाऱ्यांनी मात्र 'कीर' एकदा घ्यावी: आलिगोते या इथल्या साध्या पांढऱ्या वाईनमध्ये काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं मद्य. तिचं नाव फेलिक्स कीर यांच्यावरून पडलं. ते पाद्री होते आणि 1945 ते 1968 अशी तेवीस वर्षं दिजाँचे महापौर. आपल्याकडे महापौराच्या नावानं उड्डाणपूल असतो.

परतीचं गणित

चाखून झाल्यावर एखादी बाटली घेणं शिष्टाचाराचं. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. पहिल्या गावात सहा घेतल्या तर पुढच्या चढावर साडेसात किलो जादा ओढावे लागतात, आणि तेव्हा 'ग्रां क्रू'ची पट्टी बरीच आधी लागल्यासारखी वाटते. शेवटच्या गावात घ्याव्यात.

भारतात परतताना माणशी 2 लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की अडीचशे मिलिलिटर वर. म्हणून दोन पूर्ण आणि एक अर्धी, 375 ची. अर्धी बाटली प्रत्येक तळघरात नसते, आधी विचारून ठेवावी. जोडीनं जात असाल तर हिशेब माणशी मांडावा आणि कोणाच्या वाट्याची कोणती बाटली, हे विमानतळावर ठरवत बसू नये.

बाटल्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, मोठ्या बॅगेतच टाकाव्या लागतात. गुंडाळायला जाडसर, मऊ, धक्का शोषणारं काही हवं. गादी लावलेल्या सायकलच्या चड्डीसारखं दुसरं काही नाही. एका चड्डीत एक बाटली नेमकी बसते. ती आधी धुवावी की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण कस्टमवाला बॅग उघडण्याची शक्यता असेल, तर न धुतलेली बरी.